चित्रात वाढणारी लाली

"बसा. हनुवटी इथे टेकवा. आणि दहा मिनिटं बोलायचं नाही, हसायचं नाही, कपाळाला आठीसुद्धा घालायची नाही."

एवढे एका दमात सांगून तिने घड्याळाकडे पाहिले आणि ती दिव्यांची तोंडे सारखी करू लागली. दारातून आत आलेला मनुष्य क्षणभर उभाच राहिला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचे एक खोके होते. झोपलेले तान्हे मूल धरावे तसे त्याने ते छातीशी धरले होते. काही सांगण्यासाठी त्याने ओठ उघडले मात्र... तिने मान वर न करताच तर्जनी स्वतःच्या ओठांवर ठेवली. तो मुकाट्याने बसला. खोके मांडीवर ठेवले आणि हनुवटी टेकवली.

त्वचारोगांच्या त्या दवाखान्यात रुग्णांची छायाचित्रे काढण्याचे काम ती सहा वर्षे करीत आली होती. उपचारापूर्वीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा यांत किती अंतर पडले, हे नुसत्या डोळ्यांना विचारून भागत नाही. डोळे फार दयाळू असतात. दोन्ही चित्रे एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून आणि एकाच स्वस्थपणात निघाली, तरच त्यांची तुलना खरी. म्हणून तिच्या खोलीच्या भिंती राखाडी होत्या, खिडकीला जाड काळा पडदा होता आणि खुर्चीच्या चारही पायांच्या जागा फरशीवर पांढऱ्या पट्टीने आखलेल्या होत्या. चालून आलेल्या माणसाच्या गालांवरचे रक्त निवावे यासाठी दहा मिनिटांचे मौन, हा नियम तिचाच. दवाखान्यातली मंडळी तिला ‘मोजपट्टी’ म्हणत. तिने ते नाव एखादी पदवी मिळावी तशा तृप्तीने स्वीकारले होते.

दहा मिनिटे झाली. समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक अशी तीन चित्रे निघाली.

"झालं. आता डॉक्टरबाईंकडे जा."

"जातो," तो अदबीने म्हणाला. "पण या परीक्षानळ्या कुठे ठेवू?"

"कसल्या परीक्षानळ्या?"

"रक्त तपासायच्या. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत द्यायच्या होत्या. त्यांचं दार बंद दिसलं, म्हणून वर विचारायला आलो."

खिडकीचा पडदा सारायला निघालेली ती थबकली. "मग... मग आधी सांगितलं का नाही?"

"बोलायचं नाही, म्हणालात."

"अहो, पण दहा मिनिटं!"

"मला वाटलं, इथली पद्धतच असेल. प्रत्येक दुकानाची काहीतरी असते."

तिला हसू आले नाही. कारण चूक साधी नव्हती. त्या माणसाला तिने रुग्ण का मानले, हे त्यालाही कळले असणार. "माफ करा," ती म्हणाली, "मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं..."

"पुरं करा की वाक्य. सवय आहे मला." तो आता हसत होता, आणि त्या हसण्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता. "काच फुंकतो मी. प्रयोगशाळांची चंचुपात्रं, शंकुपात्रं, वाकड्या नळ्या. बारा वर्षं ज्योतीसमोर बसल्यावर माणूस भाजलेल्या विटेसारखा व्हायचाच."

"तो ज्योतीचा रंग नाही."

"ज्योतीचा नाही?"

"उष्णतेनं चेहरा सरसकट लाल झाला असता. तुमची लाली गालांच्या मध्यावर आहे, नाकावर आहे, हनुवटीवर आहे. डोळ्यांभोवती नाही. आणि हे बघा..." तिने संगणकाच्या पडद्यावर त्याचा उजवा गाल मोठा करून दाखवला. त्वचेखाली केसाहून बारीक तांबड्या रेषांचे जाळे पसरलेले होते. "या रक्तवाहिन्या आहेत. कायमच्या फुगलेल्या."

तो बराच वेळ पाहत राहिला. आपला चेहरा इतक्या जवळून आणि इतक्या निर्मम प्रकाशात पाहण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

"लोकांना वाटतं, मी पितो," तो हळूच म्हणाला. "मागच्या वर्षी एका महाविद्यालयानं काम काढून घेतलं. तिथले साहेब म्हणाले, काचकाम हे कापऱ्या हाताचं काम नव्हे. मी थेंबाला शिवत नाही हो. पण चेहरा असा... समजावणार कुणाकुणाला?"

बोलताबोलता त्याने आपला हात पुढे केला, पंजा उघडा ठेवून. तिने पाहिले. बोटांच्या टोकांवर जुन्या भाजल्याच्या पांढुरक्या खुणा होत्या. पण तो हात काचेच्या मापाइतका स्थिर होता.

"मोठ्या डॉक्टरबाईंना दाखवा," ती म्हणाली. मग उगीचच पुढे बोलली, "चित्रं... तयारच आहेत."

*

मोठ्या डॉक्टरबाईंनी साठी ओलांडली होती. रुग्णाकडे त्या प्रथम चष्म्यावरून पाहत आणि मग चष्म्यातून. काचकाराला त्यांनी दोन्ही प्रकारांनी पाहिले.

"रोझेशिया म्हणतात याला. त्वचेखालच्या बारीक वाहिन्या फुगतात आणि मिटायच्या विसरतात. ऊन, उष्णता, गरम चहा, तिखट आणि मनाची खळबळ, एवढ्यांनी लाली भडकते. मुळासकट जाईल, असं मी म्हणणार नाही. पण लेझरनं पुष्कळ उतार पडतो. त्या प्रकाशाला रक्ताचा लाल रंगच तेवढा लागतो. तो वाहिनीपर्यंत जातो, तिला तापवतो आणि मिटवतो. वरची कातडी शाबूत राहते."

"आणि माझी भट्टी?"

"अडचण तीच आहे. महिन्याच्या अंतरानं लेझर घेऊ. दर वेळी आधी चित्रं. उतार पडला तर भट्टी ठेवा, पंखा लावून, अंतर राखून. नाही पडला, तर दुसरं काम बघा. रोज गाल जाळायचे आणि महिन्यानं इथे येऊन विझवायचे, याला मी उपचार म्हणत नाही."

"बाई, वडिलांनी, अण्णांनी मला दुसरं काही शिकवलेलं नाही."

"मग उतार पडू द्या. निकाल चित्रांवर लागेल. ‘बरं वाटतंय’ या दोन शब्दांवर माझा विश्वास नाही."

अशा रीतीने अनवधानाने निघालेली ती तीन चित्रेच ‘उपचारापूर्वी’ या मथळ्याखाली लागली. नियमाच्या दृष्टीने ती निर्दोष होती. आणि काचकाराची भट्टी पुढच्या चित्रांच्या हवाली झाली.

*

पहिला लेझर झाल्यावर तो डोळ्यांवरच्या झाकण्या काढून बाहेर आला, तेव्हा ती काही कारण नसताना मार्गिकेत उभी होती.

"दुखलं का?"

"कुणीतरी ताणलेलं रबर गालावर सोडतंय. एकदा नव्हे, शंभरदा. आणि मधून मधून गार फुंकर. बारा वर्षं मी काचेला फुंकलं. आज काचेनं मला फुंकलं."

"चार दिवस सूज राहील. कुठे कुठे काळंनिळंही होईल. उन्हात जायचं नाही, आणि चहा—"

"कोमट. सिस्टरनी सांगितलं. कोमट चहा पिण्यापेक्षा गाल लाल बरे, असं मी म्हटलं, तर त्या मारायला उठल्या."

महिन्याने तो आला. खुर्चीच्या पायांवर एकवार नजर टाकून, ते नेमक्या जागी आहेत याची खात्री करून मगच बसला. मोजून वागणाऱ्या माणसाविषयी तिला पहिल्यापासून आदर होता. तो आदर आता किंचित उबदार झाला.

"दहा मिनिटं—"

"बोलायचं नाही. ठाऊक आहे. पण ऐकायला बंदी आहे का?"

तिने विचार केला. नियमात तसे कुठे नव्हते. "नाही."

"मग तुम्ही बोला."

"मी? मी काय बोलणार?"

हनुवटी टेकवून, हात मांडीवर ठेवून तो आज्ञाधारकपणे बसला. केवळ डोळे तिच्याकडे लागले होते. त्या नजरेपुढे स्वस्थ उभे राहणे तिला जमेना, म्हणून ती बोलू लागली. वडील जमिनीची मोजणी करायचे, हे तिने सांगितले. लहानपणी साखळीचे एक टोक धरून ती शेताच्या बांधावर उन्हात उभी राहायची, आणि ‘हलू नकोस’ एवढे दोनच शब्द दिवसभर ऐकायची. दादा–वहिनींच्या घरात ती राहते. वहिनी तिच्या कपाटाकडे पाहून म्हणते, ‘वन्सं, साड्यांनासुद्धा क्रमांक दिलेत का?’

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"हसायचं नाही!"

त्याने डोळे मिटून क्षमा मागितली.

"तुमच्याकडे कोण कोण असतं? नाही, बोलू नका... बोटांनी सांगा."

दोन बोटे वर झाली. एक त्याचे, एक अण्णांचे. मग, कोणी विचारले नसताना, त्याने एक बोट खाली घेतले आणि दुसरे—स्वतःचे—जरा पुढे झुकवून तिला दाखवले. जणू म्हणावे, हे एकटेच आहे.

तिने चटकन दिव्याकडे तोंड वळवले. "...दहा मिनिटं झाली," ती म्हणाली. खरे तर बारा झाली होती.

त्यानंतरचा महिना तिला लांब वाटला. दुसऱ्या खेपेला तो येताना एक काचेची डबी घेऊन आला. अंगठ्याएवढी, झाकणासह, कॅमेऱ्याचे भिंग पुसण्याचा मऊ ब्रश नेमका मावेल अशी.

"माप कुठून घेतलंत?"

"मागच्या वेळी दहा मिनिटं समोरच तर होता तो ब्रश. म्हणजे बारा मिनिटं."

तिने ब्रश डबीत घालून पाहिला. नेमका बसला.

*

चित्रे मात्र फिरली होती.

लाली मोजणारी आकडेवारी पडद्यावर उमटली, तेव्हा तिने ती तीनदा ताडून पाहिली. पहिल्या लेझरनंतर लाली रेसभरही उतरली नव्हती. दुसऱ्यानंतर, आज, ती वाढली होती. बारीक रेषांचे जाळे विरळ झालेले दिसत होते, हे खरे. पण त्यावर एक नवी, सलग, टवटवीत लाली पसरली होती—कानांपर्यंत.

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिले, मग चष्म्यातून. "दिवे बदललेत?"

"नाही."

"अंतर?"

"नाही, बाई. रंगाची पट्टी दर चित्रात आहे. ती जुळते आहे."

"दहा मिनिटं बसवलंत?"

"हो. त्याहून जास्तच."

काचकाराला आत बोलावण्यात आले. तो थेट तिच्या खोलीतूनच येत असे, त्यामुळे तिथेही त्याचे गाल पेटलेलेच होते. डॉक्टरबाईंनी सुस्कारा सोडला. "आज तिसरा लेझर देत नाही. येत्या गुरुवारी पुन्हा चित्रं घेऊ. तेव्हाही हेच दिसलं, तर मी लिहून देईन: ज्योतीपासून दूर राहावे. तुमच्या भल्यासाठीच सांगते."

जाताना दारात थांबून त्याने तिच्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, "तुमचा दोष नाही हं. चित्रं खरीच असणार... तुम्ही काढलीत ना."

त्या वाक्याने तिची झोप उडाली. जेवताना वहिनीने दोनदा आमटी वाढली, तरी तिला कळले नाही.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "पानात बघून जेवा. समोरच्या भिंतीवर काय छायाचित्र लागलंय का कुणाचं?"

"वहिनी, एखाद्याचं सगळं आयुष्य तुमच्या मापावर ठरणार असेल, आणि माप बरोबर असूनही मन म्हणत असेल की चूक आहे... तर काय करावं?"

वहिनीने पळी खाली ठेवली. "चूक कुठे आहे ते जाऊन बघावं. आणि ‘एखाद्याचं’ म्हणजे कुणाचं, ते आल्यावर सांगावं."

*

काचकाराचा कारखाना म्हणजे एका अरुंद गल्लीच्या टोकाची लांबट खोली होती. ज्योतीची झळ चेहऱ्यापर्यंत किती पोहोचते, हे पाहण्यासाठी ती आली होती. हातात अंतर मोजण्याची फीत होती. दार अर्धे काचेचे होते. तिने वाजवण्यासाठी हात उचलला, आणि तो तसाच राहिला.

आत तो काम करीत होता. डोळ्यांवर जांभळट काचेचा चष्मा, ओठांत रबरी नळीचे टोक, दोन्ही हातांत फिरणारी काचनळी. निळसर ज्योतीत नळीचा मध्य नारिंगी झाला, मऊ पडला, आणि त्याच्या एका सावध फुंकरीसरशी तिथे लिंबाएवढा गोल फुगला. सारे इतक्या निःशब्द एकाग्रतेने चालले होते, की पूजेच्या वेळी देवघराच्या दारातून डोकावल्यासारखे तिला वाटले.

मग तिच्या सवयीच्या डोळ्यांनी दुसरी गोष्ट पाहिली. तो ज्योतीपासून हातभर अंतरावर बसला होता, आणि त्याचे गाल... निवळलेले होते! नाकाच्या कडेला पुसटशी गुलाबी छटा. बाकी चेहरा शांत, स्वच्छ, त्याच्या हातांच्याच रंगाचा. तिने डोळे चोळले. हाच चेहरा सोमवारी तिच्या चित्रात कानापर्यंत पेटला होता.

"कोण पाहिजे?" मागून आवाज आला. वाकलेले, पांढऱ्या मिश्यांचे एक गृहस्थ उभे होते. अण्णाच असणार.

"मी... दवाखान्यातून आले आहे."

"हां, म्हणजे त्या चित्रं काढणाऱ्या तुम्हीच! बाई, एक विचारू? महिनाभर गल्लीतले लोक मला सांगताहेत, पोराचा चेहरा निवळला म्हणून. ते महाविद्यालयाचे साहेब परवा येऊन पुन्हा काम देऊन गेले. आणि तुमच्या यंत्रात म्हणे लाली वाढते! यंत्राची नजर कुणी तपासली का?"

आवाज ऐकून आतल्याने मान वळवली. काचेपलीकडे ती दिसली. त्याने नळी खाली ठेवली, चष्मा वर सरकवला—आणि तिच्या डोळ्यांदेखत गळ्यापासून एक लाली उगवली. ती हनुवटीवर चढली, गालांवर पसरली, कानांच्या पाळ्यांपर्यंत पोहोचली. घड्याळ नसतानाही तिने मोजले. सात सेकंद.

ज्योत त्याच्या पाठीशी होती.

तिच्या हातातली फीत आपोआप गुंडाळली गेली. ‘दहा मिनिटांचे मौन’ हा नियम तिने रुग्णांसाठी केला होता. स्वतःसाठी नव्हता केला. गालांवरचे रक्त निवावे म्हणून जी घटका राखून ठेवायची, ती दोन्ही खेपांना तिने आपल्याच बोलण्याने भरून टाकली होती.

"काही हवं होतं का?" दार उघडून त्याने विचारले.

"नाही. मिळालं," ती म्हणाली, आणि जवळजवळ पळतच गल्लीबाहेर पडली.

*

आता ते डॉक्टरबाईंना सांगायचे होते. न सांगावे, तर त्याची भट्टी जाणार. सांगावे, तर एका पुरुषाचे मन आपल्यावर जडले आहे असे आपल्याच तोंडाने, वरिष्ठांसमोर, पुराव्यानिशी मांडायचे! रात्रभर तिने वाक्ये जुळवली. सकाळी त्यांतले एकही कामी आले नाही.

"बाई, दिवे बरोबर आहेत, अंतर बरोबर आहे. पण एक घटक मी धरलाच नव्हता."

"कोणता?"

"छायाचित्रकार."

"म्हणजे?"

"म्हणजे... पहिली चित्रं काढली तेव्हा त्यांची माझी ओळख नव्हती. नंतरच्या चित्रांच्या वेळी... होती. आणि त्या दहा मिनिटांत मी बोलत होते. मला शंका आहे, की त्यातली काही लाली रोगाची नसून... तात्कालिक असावी. छायाचित्रकार बदलून पाहावा, अशी माझी विनंती आहे."

शेजारी फाइली लावणाऱ्या सिस्टरांच्या हातून दोन फाइली पडल्या.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. हे सहा वर्षांत प्रथमच घडत होते. "मोजपट्टी," त्या अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, "तो गृहस्थ तुम्हाला पाहून लाजतो, असं तुमचं म्हणणं आहे?"

"...माझं नाही. आकड्यांचं."

"अहो, मी त्या दिवशीच म्हणणार होते!" सिस्टरांना राहवेना. "जाताना वळून वळून बघतो तो. एकदा खांबाला धडकला!"

"सिस्टर, खांब आकडेवारीत येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गुरुवारी पहिला संच तुम्ही काढा. यांनी आखून दिलेल्या जागा आहेतच. मग दहा मिनिटांनी दुसरा संच या काढतील. त्या गृहस्थांना आधी काही सांगायचं नाही. चित्रांवरच ठरवू."

गुरुवारी पहिल्या संचाच्या वेळी ती औषधांच्या कोठीत बसून राहिली. भिंतीपलीकडून सगळे ऐकू येत होते.

"त्या... आज नाहीत का?"

"बोलायचं नाही, हनुवटी टेकवा," सिस्टर ठणकावून म्हणाल्या. त्यानंतर दहा मिनिटे इतकी शांतता पसरली, की तिला स्वतःचा श्वास नकोसा झाला. मग कळ दाबल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा.

पाच मिनिटांत आकडे आले. लाली पहिल्या चित्रांच्या निम्म्यावर उतरली होती. डॉक्टरबाईंनी पडद्याकडे चष्म्यातून पाहिले, समाधानाने मान हलवली आणि कोठीच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "जा. आता तुमची पाळी."

ती आत गेली. तो खांदे पाडून बसला होता. तिला पाहताच ताठ झाला. आणि तीच लाली, तसाच तिचा उदय—गळा, हनुवटी, गाल, कान...

"मला वाटलं, तुम्ही मला टाळलंत," तो म्हणाला. "परवा पळालात, आज दुसऱ्या कुणाला पाठवलंत. माझं काही चुकलं असेल, तर—"

"बोलायचं नाही," ती म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता.

या वेळी ती दहा मिनिटे एक शब्द बोलली नाही. यंत्रामागे उभी राहिली. भिंगातून समोर तो चेहरा होता. त्यावर प्रश्न होता, भीती होती आणि काहीही लपवण्याची शक्तीच नसलेले निर्मळपण होते. माणसे वर्षानुवर्षे मुखवटे सांभाळतात. या माणसाला ती सोय विधात्याने दिलीच नव्हती. तिने कळ दाबली. पुन्हा दाबली. पुन्हा.

मग दोन्ही संच पडद्यावर शेजारी लावून तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "हे सिस्टरनी काढलेलं. हे मी. मध्ये फक्त वीस मिनिटं गेलीत. खोली तीच, दिवे तेच."

तो पाहत राहिला. डाव्या चित्रातला मनुष्य बरा झालेला होता. उजव्या चित्रातला... उजव्या चित्रातल्या माणसाने इतक्या महिन्यांत जे एकदाही उच्चारले नव्हते, ते सारे तिथे ठळक लिहिलेले होते.

"हे डॉक्टरबाईंनीही पाहिलं?"

"बघणार आहेत."

"आणि सिस्टरनी?"

"त्यांना आधीपासूनच माहीत होतं. तुम्ही खांबाला धडकलात तेव्हापासून."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "मी ठरवलं होतं," बोटांच्या फटींतून तो म्हणाला, "की आधी बरं व्हायचं. चारचौघांसारखा चेहरा घेऊन यायचं, आणि मग तुम्हाला विचारायचं. तर या चेहऱ्यानं माझ्याआधीच..." हात खाली आले. "हे बरोबर नाही. माझ्या मनातलं सगळं तुम्हाला आकड्यांत दिसतं. तुमच्या चेहऱ्यावर मात्र कधी काही दिसत नाही. मी कसं ओळखायचं?"

तेवढ्यात दार उघडून डॉक्टरबाई आत आल्या. त्यांनी पडद्यावरचा दुसरा संच पाहिला. खाली वाकून पुन्हा पाहिला.

"हे काय? तिन्ही चित्रं समोरूनच? डावी बाजू कुठे आहे? उजवी?"

तिने पडद्याकडे पाहिले. खरेच. एक समोरून. दुसरे समोरून. तिसरेही समोरूनच.

"मला वळायला सांगितलंच नाही यांनी," तो सावकाश म्हणाला.

"मी... विसरले."

"तुम्ही?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "सहा वर्षांत?"

"तुम्ही?" तोही म्हणाला; पण त्याच्या त्या एका शब्दात सकाळ उजाडत होती. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि या खेपेला नजर तिने खाली घातली.

डॉक्टरबाईंनी खिशातून लेखणी काढली. "पहिला संच ग्राह्य. उपचारांना उत्तम उतार. भट्टी चालू ठेवायला हरकत नाही, पंखा आणि अंतर सांभाळून. तिसरा लेझर सोमवारी. आणि यापुढे यांची चित्रं सिस्टर काढतील." दाराशी जाऊन त्या थबकल्या. "दुसऱ्या संचावर माझ्याकडे इलाज नाही. तो तुमचा तुम्ही बघा."

त्या गेल्यावर तो उठला. काच हाताळणारी माणसे उठतात तसा, काही सांडू नये अशा बेताने.

"भट्टी राहिली," तो म्हणाला.

"राहिली."

"अण्णा वाट बघत असतील. त्यांना काय सांगू?"

"सांगा, काम सोडायचं नाही म्हणून."

"आणि?"

तिने खिडकीचा काळा पडदा बाजूला सारला. दुपारचा साधा, न मोजलेला उजेड आत आला.

"आणि सांगा... संध्याकाळी मी येते आहे. पण दवाखान्याकडून नाही."

"मग कुणाकडून?"

"आता ते तुम्हीच त्यांना सांगायचं," ती म्हणाली. "मी किती बोलू? गेले दोन महिने एकटीच तर बोलते आहे."